उन्हाची शाळा

यवतमाळहून अमरावतीकडे निघाले म्हणजे वाटेत नेर लागते. जुनी माणसे अजूनही त्याचे नाव पुरे घेऊन नेर-परसोपंत असे म्हणतात. काळी जमीन, कापूस आणि तूर. दसऱ्यानंतर वेचणीला आलेली बोंडे आणि वेचण्या संपल्या की वावरात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या, असा हा मुलूख. गेल्या दिवाळीत चार दिवस मी तेथे मामेभावाकडे होतो. फराळाचे डबे भरलेले, अंगणात रांगोळी, सगळे यथासांग होते. पण भावाच्या कपाळावरची आठी काही जात नव्हती. विहिरीवरचा सौरपंप बंद पडून पंधरा दिवस झाले होते. हरभरा नुकता उगवून वर आलेला, त्याला पाणी हवे. आभाळात ऊन आहे, विहिरीत पाणी आहे आणि मधले यंत्र तेवढे मुके! तक्रार नोंदविली होती. ‘माणूस येईल’ असे उत्तरही मिळाले होते. तो माणूस अठराव्या दिवशी, ऐन पाडव्याला आला. त्याने पेटी उघडली, तारांची एक करपलेली जोडणी काढून नवी बसविली आणि अर्ध्या तासात पंप चालू करून तो निघून गेला.

भावाचा मुलगा हे सारे शेजारी उभा राहून पाहत होता. त्याने ती करपलेली जोडणी त्या माणसाकडून मागून घेतली आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवली. हा मुलगा विद्युत शाखेचा नवा पदवीधर. सौर आणि तत्सम ऊर्जेचे पुढचे शिक्षण घ्यावे, त्याच कामात पडावे, असे त्याच्या मनात होते. वडिलांना ते पटत नव्हते. रात्री जेवणे झाल्यावर गोष्ट निघालीच. भाऊ म्हणाला, “ऊन का शिकाची गोष्ट हाय? प्लेटा पुसाले येवढं शिकलास का बे?” मुलगा गप्प बसला आणि थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवला. तुम्ही सांगा, यात शिकण्यासारखे आहे की नाही?”

प्रश्न मोठा होता आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. त्या रात्री मी त्याला जे सांगितले, तेच जरा नीट जुळवून या पानांत मांडीत आहे. न जाणो, वाचकांपैकी कोणाच्या घरीही हाच वाद चालू असेल.

ऊन हे काही नवे इंधन नव्हे. महाराष्ट्रात उन्हावर वाफेचे यंत्र चालून आता जवळजवळ दीडशे वर्षे होतील, असे सांगितले तर पुष्कळांना ती थाप वाटेल. पण गोष्ट खरी आहे. १८७६ च्या सुमारास मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ डेप्युटी रजिस्ट्रारच्या हुद्द्यावर होते. दिवसा कागदपत्रे आणि फावल्या वेळात सूर्य, असा त्यांचा क्रम. फ्रान्समध्ये ऑगस्तँ मूशो नावाच्या गणिताच्या शिक्षकाने सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालविल्याचे त्यांनी वाचले होते. मूशोचा आरसा वाटोळा आणि चांदीच्या मुलाम्याचा, म्हणून महाग. अ‍ॅडम्सनी विचार केला की, वाटोळा आरसा हवाच कशाला? साधे, सपाट, काचेचे आरसे पुष्कळ घेतले आणि प्रत्येकाचा कवडसा एकाच जागी पाडला तर काम तेच होईल. १७ इंच लांब आणि १० इंच रुंद असे ७२ आरसे त्यांनी अर्धवर्तुळात बसविले आणि वीस फुटांवर ठेवलेले लाकूड त्या कवडशांनी पेटवून दाखविले. मग लाकडाच्या जागी पाण्याचा बंब आला, बंबावर अडीच अश्वशक्तीचे एंजिन आले, एंजिनाला पंप जोडला गेला आणि मधल्या कुलाब्यातील आपल्या आवारात अ‍ॅडम्सनी उन्हाच्या बळावर पाणी उपसून दाखविले. लोक पाहावयास येत. सूर्य सरके तशी आरशांची चौकट फिरवावी लागे, एवढाच काय तो व्याप. त्यांनी उन्हाची एक चूलही केली. जानेवारीच्या थंडीत तिच्यावर सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजत असे.

१८७८ साली अ‍ॅडम्सनी आपले प्रयोग पुस्तकरूपाने मुंबईतच प्रसिद्ध केले. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, हा त्या पुस्तकाचा विषय. ससून इन्स्टिट्यूटने त्यांना सुवर्णपदक दिले. योगायोग असा की, त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मूशोने आपल्या सूर्ययंत्राच्या साहाय्याने बर्फ करून दाखविला. म्हणजे १८७८ साली या विद्येत मुंबई पॅरिसच्या पंक्तीला बसली होती. नेरच्या विहिरीवर जे आज चालते, त्याचा आजा कुलाब्याच्या आवारात तेव्हाच चालला होता.

मग पुढे काय झाले? पुढे काहीच झाले नाही. पदक मिळाले, पुस्तक कपाटात गेले, आणि यंत्राचा वंश खुंटला.

असे का व्हावे? एक कारण सर्वजण देतात आणि ते खरेही आहे. रेल्वेमुळे कोळसा सुलभ झाला. उन्हाला रात्री सुट्टी असते, पावसाळ्यात चार महिने त्याची रजा असते. कोळसा मात्र हाकेसरशी हजर. पण एवढ्याने भागत नाही. पवन आणि पाणी यांच्याही उणिवा होत्याच, तरी त्या विद्या जगल्या. मला दिसते ते दुसरे कारण असे, की अ‍ॅडम्सना शिष्य नव्हते. आरसे किती अंशांत कलावे, बंबाला किती आरसे पुरतात, काचेवर मळ साचला की काय होते, हे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात आणि एका पुस्तकात होते. ते कोणत्याही वर्गात फळ्यावर आले नाही. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली ती १८८७ साली, म्हणजे कुलाब्याच्या प्रयोगानंतर अवघ्या नऊ वर्षांनी आणि त्याच शहरात. पण ती निघाली ती गिरण्यांना माणसे हवी होती म्हणून, आणि गिरण्या चालत कोळशावर. मुलगा तेथे शिकून निघाला तो कोळशाचा बॉयलर सांभाळीत. शिक्षण नेहमी जेथे भाकरी असते तिकडे तोंड करून बसते. त्यात कोणाला दोष देण्यासारखे नाही.

याच्या उलट पाण्याची गोष्ट पाहा. पुण्यात १८५४ साली सरकारी बांधकामासाठी हाताखालची माणसे तयार करण्याकरिता एक वर्ग निघाला. त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. धरणे, कालवे, पूल हा तेथला मुख्य विषय. १८८३ साली तेथून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. त्यांनी आखलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसले. पाण्याचे गणित जाणणारी पिढीच्या पिढी या मुलखात तयार होत होती. म्हणून १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजघर सुरू झाले, तेव्हा सह्याद्रीवरचा पाऊस मुंबईच्या गिरण्या चालवू लागला; आणि १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली, तेव्हा तर महाराष्ट्राचा नकाशाच पालटला. खोपोलीचे भांडवल आणि यंत्रे पुष्कळशी बाहेरची होती हे खरे. पण ती सांभाळणारे, वाढविणारे हात येथे मिळत गेले. पाण्याला शाळा मिळाली, म्हणून पाणी साधले. उन्हाला शाळा मिळाली नाही.

भाऊ येथवर ऐकून म्हणाला, “हे झालं इंग्रजाचं. दुसरीकडं कुठं शाळा निघाली होती का?” त्याचा प्रश्न रास्त होता. निघाली होती. आणि ती कोठे निघाली, हे ऐकून तो चकित झाला. कारण ती एखाद्या राजधानीत निघाली नव्हती, नेरपेक्षाही लहान अशा एका खेड्यात निघाली होती.

डेन्मार्कमध्ये आस्कोव्ह म्हणून एक गाव आहे. तेथे शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठी चालविलेली एक लोकशाळा होती आणि तिच्यात पॉल ला कूर नावाचे शिक्षक पदार्थविज्ञान शिकवीत. १८९१ साली त्यांनी सरकारी मदतीने शाळेजवळ एक पवनचक्की उभारली, ती दळण दळण्यासाठी नव्हे, वीज करण्यासाठी. वारा पडला म्हणजे वीज जाते, ही अडचण त्यांनाही आली. त्यांनी विजेने पाण्याचे पृथक्करण केले, निघालेला हायड्रोजन टाक्यांत साठविला आणि त्यावर शाळेचे दिवे कित्येक वर्षे जाळले. पण ला कूर यांचे थोर कृत्य माझ्या मते चक्की नव्हे. ते पुढचे आहे. १९०४ साली त्यांनी त्या शाळेत खेड्यांतील तरुणांसाठी वीजतंत्राचा वर्ग सुरू केला. त्या पहिल्या वर्षाच्या मुलांत योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा एक मुलगा होता.

ला कूर १९०८ साली वारले. यूल वीज कंपनीत नोकरी करीत म्हातारा होत आला. आणि वयाची साठी उलटल्यावर गुरूजींचा पाठ त्याने पुन्हा हाती घेतला! १९५७ साली गेडसर येथे त्याने २०० किलोवॉटची, तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. ती सुमारे दहा वर्षे चालली आणि स्वस्त तेलापुढे बंद पडली. परंतु १९७३ साली तेलाचे भाव एकाएकी चौपट झाले, तेव्हा डेन्मार्कला शून्यापासून आरंभ करावा लागला नाही. गेडसरची चक्की जागेवर होती, तिच्या नोंदी होत्या, आणि ती विद्या जाणणारी माणसे होती. तेथून जो धंदा उभा राहिला, त्याच्याच ५५ किलोवॉटच्या चक्क्या १९८६ साली आपल्या देशात आल्या. देशातील पहिल्या पवनवीज प्रकल्पांत रत्नागिरीच्या किनाऱ्याचा समावेश होता. म्हणजे आस्कोव्हच्या वर्गातला धडा ऐंशी वर्षांनी कोकणात येऊन पोहोचला. पुढे साताऱ्याच्या पठारावर, वनकुसवड्याच्या बाजूला, ओळीने फिरणारी जी पाती दिसू लागली, त्यांच्या मुळाशीही एका खेड्यातील मास्तर आहे.

कुलाब्यात यंत्र होते, शाळा नव्हती. आस्कोव्हला यंत्र होते आणि शाळाही होती. मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच.

पण डेन्मार्कचेच गोडवे गात बसण्याचे कारण नाही. आपल्याकडेही या शाळेचे वर्ग भरले. फक्त ते निराळ्या छपराखाली भरले, म्हणून आपल्याला ओळखू येत नाहीत. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या वसतिगृहात मैल्याच्या कुंडातून निघणारा वायू धरून त्यावर दिवे लावले गेले आणि पुढे एंजिनही चालविले गेले. हीही कुलाब्यासारखीच एकांडी गोष्ट ठरली असती. पण शेणामैल्यातून अग्नी काढण्याची कल्पना पुन्हा पुन्हा उगवत राहिली. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. देसाई यांनी शेणाच्या वायूवर प्रयोग केले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचा ‘ग्रामलक्ष्मी’ संच केला. आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने तो हाती घेतल्यावर बोरिवलीच्या कोरा केंद्रात गोबरगॅसचे संशोधन आणि शिक्षण सुरू झाले. यंत्राबरोबर गवंडी आणि देखरेख करणारा शिकवून तयार केला पाहिजे, हे येथे ओळखले गेले. म्हणूनच गोबरगॅस हा शब्द आज महाराष्ट्राच्या खेड्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

याहून जवळचे उदाहरण हवे तर नेरहून पूर्वेला वर्धा किती लांब आहे? १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेचे नाव मगनवाडी झाले आणि तेथे जे. सी. कुमारप्पा काम पाहू लागले. कुमारप्पा हे लंडनला तयार झालेले हिशेबतपासनीस आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकलेले अर्थशास्त्री. परदेशी पदव्यांचा हा धनी मगनवाडीत बसून घाणी, चुली आणि दिवे यांत लक्ष घालू लागला. परदेशी घासलेटाऐवजी देशी वनस्पतींच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तेथे तयार झाला. कमी धुराची ‘मगनचूल’ झाली. कार्यकर्त्यांना शिकविण्याची व्यवस्था झाली. आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. दिवाळीच्या दिवसांत घासलेटाला पर्याय म्हणून दिव्याचे संशोधन करणारी प्रयोगशाळा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात होती, ही आठवण ठेवण्यासारखी आहे.

कुमारप्पांनी तुरुंगात असताना एक ग्रंथ लिहिला. तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. टिकाऊ अर्थव्यवस्थेविषयीच्या या ग्रंथात त्यांनी निसर्गाच्या संपत्तीचे दोन भाग पाडले. एक साठ्याची संपत्ती, म्हणजे कोळसा, तेल, धातू. काढाल तितकी कमी होणारी आणि म्हणून माणसामाणसांत भांडणे लावणारी. दुसरी प्रवाहाची संपत्ती, म्हणजे वाहते पाणी, वाढते रान. शहाणपणाने घेतली तर न आटणारी. आज ज्याला आपण नवीकरणीय ऊर्जा असे लांबलचक नाव देतो, ती कल्पना वर्ध्यात इतक्या सरळ शब्दांत मांडली गेली होती. आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात या दोन्ही संपत्ती शेजारी शेजारी नांदतात. वणीकडे जमिनीच्या पोटात कोळसा आहे. नेरच्या वावरावर ऊन आहे, आणि त्याच उन्हाने वाढलेली पऱ्हाटी व तुराटी आहे. एक साठा, दुसरा प्रवाह! साठ्याच्या खाणकामासाठी माणसे शिकविण्याची सोय आपण केव्हाच केली. प्रवाहासाठी करावयास मात्र फार उशीर लावला.

आणखी एक गुरुशिष्यांची जोडी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अप्पासाहेब पटवर्धन हे रत्नागिरी जिल्ह्याचे, एम. ए. झालेले, काही काळ प्राध्यापकी केलेले. कोकणचे गांधी म्हणून लोक त्यांना ओळखत. भंगीकाम हे त्यांनी आपले व्रत मानले आणि १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम काढून मैल्यापासून खत व वायू मिळविण्याचे प्रयोग केले. १९५९ साली सुहास मापुस्कर नावाचे एक तरुण डॉक्टर देहूच्या सरकारी दवाखान्यात आले. रोगांचे मूळ गावाच्या घाणीत आहे हे त्यांनी ओळखले आणि औषधाच्या बाटलीबरोबर संडास बांधण्याचे वेड घेतले. अप्पासाहेबांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. अप्पासाहेबांच्या रचनेत सुधारणा करून डॉक्टरांनी जे संयंत्र सिद्ध केले, त्याचे नाव ‘मलप्रभा’. मळातून निघालेली प्रभा! अप्पासाहेब १९७१ साली गेले, डॉक्टर २०१५ साली गेले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एक होते एम. ए., दुसरे वैद्य. ऊर्जेची पदवी दोघांपाशीही नव्हती. पण एकाने शिकविले आणि दुसऱ्याने शिकून घेतले, म्हणून ती ज्योत विझली नाही.

तथापि गुरुशिष्यांच्या अशा जोड्या दैवाने जमतात. देशाचे काम दैवावर ठेवून चालत नाही; त्याला विद्यापीठे लागतात. १९७३ च्या तेलसंकटाने आपले डोळे उघडले. १९८१ साली केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला, १९८२ साली स्वतंत्र विभाग काढला आणि १९९२ साली त्याचे मंत्रालय केले. महाराष्ट्रात १९८५ साली ‘महाऊर्जा’ ही संस्था निघाली. त्याच सुमारास अभ्यासक्रमही सुरू होऊ लागले. पवईच्या आय. आय. टी. मध्ये १९८० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत ऊर्जेचा पदव्युत्तर अभ्यास आला. तो एका शाखेच्या ताब्यात नव्हता, आणि हेच त्यातले मर्म. सौरपंप नीट बसवावयाचा तर वीज यावी, उष्णता यावी, पदार्थांचे गुणधर्म यावेत, पाण्याची खोली मोजता यावी आणि शेवटी शेतकऱ्याच्या खिशाचे गणितही यावे. यंत्रवाला, वीजवाला आणि अर्थशास्त्री यांना एका बाकावर बसविल्याशिवाय ही विद्या शिकविता येत नाही. २००७ साली तेथे ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला, आणि २०१० साली सौरविजेच्या संशोधनाचे व शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्रही तेथेच सुरू झाले.

मुंबईच कशाला? १९८१ साली अनिल राजवंशी हे फ्लोरिडा विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले ते फलटणला. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली तेथे काढलेल्या संस्थेत राहून त्यांनी उसाचे पाचट, गोड ज्वारी, सौरभट्ट्या असे विषय हाताळले. पुणे विद्यापीठात ऊर्जा अध्ययनाचा विभाग झाला. आणि नेरच्या मुलाला सगळ्यांत जवळचे म्हणजे अकोला. १९६९ साली स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा स्वतंत्र विभाग आहे. सौर वाळवणी, पालापाचोळ्यापासून जळाऊ वायू, पऱ्हाटीचा उपयोग हे तेथले विषय. विदर्भाची पऱ्हाटी विदर्भाच्याच विद्यापीठात अभ्यासाचा विषय व्हावी, यात मला औचित्य दिसते.

येथे भावाने मला पुन्हा अडविले. तो म्हणाला, “ते समदं ठीक. पण पाडव्याले जो पोरगा आला, त्यानं अर्ध्या घंट्यात काम केलं. तो का अकोल्याले शिकला होता?”

नाही, बहुधा तो आय. टी. आय. मधून निघालेला असावा. तशा मुलांसाठी २०१५ साली ‘सूर्यमित्र’ नावाची प्रशिक्षण योजना निघाली. तीन महिन्यांत संच बसविणे, तपासणे, दुरुस्त करणे शिकवितात. ते काम कमी प्रतीचे मुळीच नाही. नेरसारख्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असे चारदोन जण असते, तर अठरा दिवस हरभरा सुकला नसता. पण या कारागिराचे काम आणि पदवीधराचे काम यांत फरक आहे आणि तो वडीलमंडळींनी समजून घेतला पाहिजे. कारागीर करपलेली जोडणी बदलतो. पदवीधराने विचारावयाचे ते असे, की ती करपली का? आणि पुढच्या उन्हाळ्यात तालुक्यात आणखी किती करपतील?

सौरपट्टीची क्षमता छापलेली असते ती २५ अंशांच्या तापमानाला मोजून. पट्टी त्याहून जितकी तापेल, तितकी दर अंशामागे सुमारे ०.४ टक्का वीज घटते. यवतमाळच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, आणि पट्टी ६५ ते ७० अंशांपर्यंत तापते. म्हणजे सूर्य सर्वांत प्रखर असतो त्याच वेळी छापील विजेतली १६ ते १८ टक्के वीज हातची जाते. जास्त ऊन म्हणजे जास्त वीज, हा आपला सरळ समज येथे लंगडा पडतो. त्यातच विहिरीचे पाणी मे महिन्यात खाली गेलेले असते, म्हणजे पंपाला ओढ जास्त. त्यातच काळ्या मातीची धूळ. पट्टीचा कल स्थळाच्या अक्षांशाइतका, नेरला सुमारे वीस अंश ठेवावा, हा साधारण नियम. पण ज्याला उन्हाळ्यातच पाणी हवे त्याने तो थोडा कमी ठेवावा. जोडणीची रबरी कड कोणत्या उन्हात किती वर्षे टिकेल, पावसाचे पाणी आत शिरून ती कशी करपते, हे कोणी तरी याच मातीत बसून मोजले पाहिजे. थंड देशातल्या पुस्तकात ते लिहिलेले नसते. अ‍ॅडम्सनी ‘उष्ण देशांत’ असे शब्द आपल्या पुस्तकाच्या नावातच घातले होते. दीडशे वर्षांनी त्या शब्दांचे महत्त्व आपल्याला कळते आहे.

आणि हे काम थोडेथोडके राहिलेले नाही. २०१३ साली धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला, तेव्हा त्याची नवलाई होती. २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ साली राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ ही योजना आली आणि छपरावर सौरपट्ट्या बसविण्याची केंद्राची योजनाही त्याच वर्षी आली. यंत्रे गावोगाव पोहोचली. कुलाब्याला जे घडले ते आता लाखो विहिरींवर घडू शकते, हा माझा खरा धाक आहे. अ‍ॅडम्सचे एकच यंत्र होते, ते बंद पडले तर इतिहासाला फारसे कळलेही नाही. पण शिकलेल्या माणसांवाचून ही लाखो यंत्रे एकेक करून मुकी झाली, तर शेतकरी म्हणेल की ऊनच खोटे निघाले. आणि एकदा तसा बोल लागला, म्हणजे पुढच्या दोन पिढ्या कोणी त्या वाटेला जाणार नाही.

हे सगळे सांगून होईपर्यंत अंगणातल्या पणत्या विझत आल्या होत्या. वहिनी उठल्या आणि त्यांनी दोनतीन पणत्यांत तेल घातले. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग मुलाकडे पाहून म्हणाला, “शिक मंग. पण शिकून इकडं येशीन का, थे सांग.”

मुलगा लगेच ‘हो’ म्हणाला नाही, आणि मला ते आवडले. पुण्यामुंबईला पगार आहे, परदेशाची वाट आहे. नेरला अजून तरी यातले काही नाही. शिकलेला मुलगा परत यावा असे वाटत असेल, तर त्याच्यासाठी येथे काम असले पाहिजे, आणि ते निर्माण करणे हे एकट्या मुलाचे कर्तव्य नव्हे. आस्कोव्हच्या मास्तरालाही सरकारने चक्कीसाठी पैसे दिले होते. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक दुरुस्तीचे केंद्र, प्रत्येक जिल्ह्याला नोंदी ठेवणारा एक पदवीधर, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. “येण्यासारखं असेल तर येईन, बाबा,” एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. बॅग उचलायला तो खोलीत आला, तेव्हा त्याच्या टेबलाकडे माझे लक्ष गेले. प्रवेशपरीक्षेची पुस्तके मांडून ठेवलेली होती आणि त्यांच्याशेजारी कागदावर ती करपलेली जोडणी होती. त्याने ती उभी चिरून दोन भाग केले होते. आतल्या बाजूला जेथे पाणी शिरले होते, तेथे पेन्सिलीने एक खूण केलेली होती.